मोजणी

संकेश्वर सोडलं, हुक्केरी अजून यायची होती.
रस्ता रुंद होणार म्हणून टेप घेऊन आलो होतो,
यमनाप्पा पुढं, मी मागं.
मोजतो मी मराठीत, लिहितो कन्नडात.
पंचवीस वर्षं हेच.
मधल्या वाटेत एखादा आकडा सांडतही असेल,
साहेबाला अजून सापडलेला नाही.

कागदावर होतं : पड जमीन.
जागेवर होता घुमट.

दार इतकं बुटकं
की डोक्याला लागल्यावरच कळतं, वाकायचं होतं.
"सगळ्यांनाच लागतंय," आतून बाई म्हणाली,
"पाटलालाबी लागलं हुतं."
जैतूनबी मकानदार.
इथं खानकाहीला मकानच म्हणतात,
आणि झाडलोट करणारं घराणं, मकानदार.
यमनाप्पाला ती म्हणाली, बर्री, कुंद्री.
मला म्हणाली, बसा.
मी तर तोंडही उघडलं नव्हतं.
कपाळ चोळताना आई गं म्हणालो असेन.

टेप धरायला कोपरा लागतो.
माझा धंदाच कोपऱ्यांचा :
बांधाचा कोपरा, हद्दीचा दगड,
दोन भावांमधली वीतभर जागा, जिच्यात काही पिकत नाही.
इथं खाली चार कोपरे होते. नोंदवले.
मान वर केली तर
प्रत्येक कोपऱ्यावर एकेक कमान तिरकी टाकलेली,
चाराचे आठ झालेले,
आठाचे सोळा, चुन्यातल्या नखाएवढ्या कडा,
आणि त्याच्या वर
काहीच नाही. नुसतं गोल.
कबुतरांचं घुमणं तिथं फिरत होतं, उतरायला जागा न मिळाल्यासारखं.
यमनाप्पानं टेपचं टोक उंच धरलं,
"एल्ली हिडीली, साहेब्र?"
कुठं धरू?
मलाही माहीत नव्हतं.

एका भिंतीत चिल्ल्याची खोली.
चाळीस दिवस आत बसायचे, बाहेर यायचं नाही.
रुंदी साडेतीन फूट, लांबी चार.
आडवं होता येत नाही. मी बसून बघितलं.
दगडी जाळीतून ऊन आलं, सहा टोकांचं,
गुडघ्यावर पडलं,
मग हळूच गुडघ्यावरून उतरलं.
यमनाप्पा खोकला
तेव्हा कळलं, मी काहीच मोजत नव्हतो.

फॉर्मात रकाना होता. मालक?
"मालक गेले की. आठ वर्षं झाली.
दम्यानं गेले, हितंच, पायरीवर."
तसं नव्हे, म्हणालो, जागेचा मालक.
ती माझ्याकडं जरा बघत राहिली,
मी चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखी.
"मकानदार असतोय. मालक कशाला लागतोय?"
बरं, भोगवटा?
"मी झाडते. कबुतरं घाण करत्यात.
लिंबाचं मूळ आलंय आत, त्या भिंतीतनं,
ते उपटायचं न्हाई म्हणाले हुते मालक.
लिवा तेबी."

शेवटचं माप राहिलं, दारापासून मजारीपर्यंत.
एक टोक तिनंच धरलं, चादरीचं टोक धरावं तसं, दोन्ही हातांनी.
सव्वीस फूट चार इंच.
"असंल," ती म्हणाली.
"मी नवी नवरी आले तवा तेरा पावलं हुतं.
औंदा एकवीस लागत्यात.
मकान वाढतंय बघा."
आणि हसली. दात दोनच होते.

चहा बशीतून प्यालो. जाताना वाकलो.
तरी लागलंच.

जीपमध्ये नकाशा उघडला.
साहेबाची तांबडी रेघ पश्चिमेच्या भिंतीतून जाते,
लिंबाच्या मुळाला धरून, अगदी सरळ.
कन्नडात लिहिलं, सव्वीस फूट चार इंच.
शेजारी पेन्सिलीनं, मराठीत, एकवीस.
साहेब विचारेल, हे कुठल्या मापातलं?
यमनाप्पाला विचारावं म्हटलं.
तो झोपला होता,
टेपचं टोक अजून मुठीत.